सर, दोन-तीन-सहा!

स्मरणिकेसाठी 'शाळेने मला काय दिले' या विषयावर लिहा, असे पत्र आले. स्नेहसंमेलन, मैदान, सहली यांवर बाकीचे लिहितीलच. मला फक्त फिजिक्सच्या सरांबद्दल लिहायचे आहे. नाव लिहायची गरज नाही. तास संपला की एकेक वजन मोजून डब्यात ठेवून घेणारे सर म्हटले की पुरे.

बलांच्या समतोलाचे प्रॅक्टिकल आठवते ना? उभा लाकडी फळा, वरच्या दोन कोपऱ्यांत कप्प्या, एका गाठीला बांधलेले तीन दोरे आणि दोऱ्यामागे आरशाची पट्टी धरून कागदावर करायच्या खुणा. आधी उत्तर ठरवून मग रीडिंग 'घ्यायची' आपली रीत सरांना पक्की ठाऊक. म्हणून ते कोन आधी गणिताने काढून दाखवायला लावत, फळ्याला हात त्यानंतर. तीन बले समतोलात असली की त्यांचा बंद त्रिकोण होतो आणि दोन बलांमधला कोन हा त्या त्रिकोणाचा बाह्यकोन असतो, एवढे ते एकदाच सांगत.

३, ४, ५ घेतले की ३ आणि ४ मधले ९० अंश कुणालाही येत. पुढे लामीचे प्रमेय (प्रत्येक बल बाकीच्या दोघांमधल्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात) लावून निम्मा वर्ग ५३ आणि ३७ लिहायचा, कारण तक्त्यात साइन ०.८ शोधला की ५३ च सापडतो. सर एवढेच विचारायचे, "गाठीभोवतीचे बाकीचे १८० अंश कुठे सांडले?" मग घाईघाईने १२७ आणि १४३ व्हायचे, त्यांचे साइनही तेच ना! कोसाइनच्या सूत्रात ऋण चिन्हच विशालकोन सांगून टाकते, म्हणून सरांचा ओढा त्याच्याकडे.

एकदा त्यांनी २, ३ आणि ६ दिले. २ आणि ३ मधल्या कोनाचा कोसाइन आला २३ छेद १२, आणि कोसाइन तर एकच्या वर जातच नाही. पुन्हा केले, तेच. शेजाऱ्याच्या वहीतही तेच! सर काही न बोलता उठले, दोन बाजूंना २०० आणि ३०० ग्रॅम सोडले आणि गाठीला ६०० अडकवले. गाठ सरळ खाली गेली, बाजूची वजने वर चढून कप्प्यांना भिडली. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडले, "सर, दोन-तीन-सहाचा त्रिकोणच होत नाही!" "मग तसेच लिहा," सर म्हणाले. 'कोन नाही' असे लिहिलेल्या जर्नलवर सही करणारा शिक्षक मला पुढे इंजिनिअरिंगलाही भेटला नाही.

आज जड यंत्रे क्रेनने उचलण्याच्या आराखड्यांवर आमच्याकडे शेवटची सही माझी असते. दोन स्लिंग, म्हणजे ओझे हुकाला टांगायचे दोर, लावले की निम्मे-निम्मे ओझे, असे धरून नवी मुले येतात. दोन स्लिंगमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येकीवर अख्ख्या ओझ्याएवढा ताण येतो. १५० ला जवळपास दुप्पट. हे सांगताना माझा आवाज सरांसारखा होतो, असे माझी बायको म्हणते.

मध्यंतरी प्रयोगशाळेत डोकावलो. आता स्क्रीनवर बाण ओढले की १२६.८७ येते, दरवेळी तेच. आमच्या कप्प्या घासायच्या, अंश-दोन अंश चुकायचेच. अगदी बिनचूक उत्तर आले की सर दोरा बोटाने हलवून पुन्हा मोजायला लावत. तो फळा स्टोअरमध्ये असेल तर नव्या कप्प्या मी पाठवतो. संपादक मंडळाने मुख्याध्यापकांना विचारून तेवढे कळवावे.