रुआँ : उताराच्या बाजूने चालायचं गाव

पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनातून सुटलेली गाडी साधारण दीड तासात रुआँला पोचते. नॉर्मंडीची ही जुनी राजधानी सेन नदीच्या उजव्या काठावर वसलेली आहे. स्टेशन वरच्या अंगाला, नदी खाली, मध्ये जेमतेम एक किलोमीटर, आणि तोही सगळा उतार. एवढं ध्यानात ठेवलं की इथल्या भटकंतीचं निम्मं गणित सुटतं. सकाळी स्टेशनापासून रमतगमत खाली उतरायचं आणि संध्याकाळी चढायच्या भानगडीत न पडता मेट्रोने वर यायचं. गुडघे कुरकुरणाऱ्या मंडळींनाही हे गाव झेपतं, ते याच हिशेबाने.

वार मात्र बघून निघा. सोमवारी ग्रोज-ओर्लोजचा (म्हणजे मोठ्या घड्याळाचा) मनोरा, एत्र सँ-माक्लू या जुन्या दफनभूमीचं आवार आणि जुन्या बाजारातली मंडई बंद, आणि कॅथेड्रल उघडतं ते दुपारनंतर. मंगळवारी चित्रसंग्रहालयाला सुट्टी. बुधवार ते शनिवार हे दिवस सोयीचे. पावसाचं तर बोलायलाच नको. फ्रेंच लोक या गावाला गमतीने ‘नॉर्मंडीचं मूत्रपात्र’ म्हणतात. छत्रीपेक्षा टोपीवाला रेनकोट बरा, कारण गल्ल्या इतक्या अरुंद की दोन छत्र्या समोरासमोर आल्या की एकीला माघार घ्यावी लागते. फरसबंदी दगडी आहे आणि ओली झाली की निसरडी होते. गुळगुळीत तळाचे बूट घालून आलेला माणूस लांबूनही ओळखू येतो.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच जान दार्क (म्हणजे जोन ऑफ आर्क) रस्ता नदीकडे सरळ खाली जातो. थोडं उतरून डावीकडे वळलं की एक एकटा गोल बुरूज दिसतो. फ्रान्सच्या फिलिप ऑगस्ट राजाने १२०४ मध्ये रुआँ जिंकल्यावर जो किल्ला बांधला, त्यातला हा एवढाच भाग आज नीट उभा आहे. मे १४३१ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेल्या जोन ऑफ आर्कला यातनांची हत्यारं दाखवून धमकावलं गेलं, ते इथेच. पाच मिनिटं पुरेत. पुन्हा मुख्य रस्त्याला लागून न्यायालयाच्या इमारतीपाशी थांबा. रस्त्याकडच्या भिंतीवर हाताच्या पंजाएवढे, काही त्याहून मोठे खड्डे दिसतील. ते दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बच्या तुकड्यांचे आहेत आणि मुद्दाम बुजवलेले नाहीत.

तिथून उजवीकडे जुना बाजार चौक. ३० मे १४३१ रोजी जोनला इथे जाळलं. चौकातलं तिच्या नावाचं चर्च १९७९ चं, वास्तुकार लुई आरेत्श यांचं. खवल्यांसारख्या पाटीच्या दगडांनी मढवलेलं ते छप्पर बघून बरेच जण नाक मुरडतात आणि आत न जाताच पुढे सरकतात. ही चूक करू नका. आतल्या रंगीत काचा सोळाव्या शतकातल्या आहेत. त्या मुळात जवळच्या सँ-व्हँसाँ चर्चच्या. युद्ध सुरू होताना काढून ठेवल्या म्हणून वाचल्या, चर्च मात्र १९४४ मध्ये जमीनदोस्त झालं. नवं चर्च बांधताना एक अख्खी भिंत या काचांच्या मापाने आखली. दुपारच्या उजेडात निळा आणि लाल रंग जमिनीवर सांडतो, तो बघायला बाकावर दहा मिनिटं टेका.

आता थोडं लाकडी घरांविषयी, कारण पुढची सगळी वाट त्यांच्यातूनच आहे. गावात अशी सुमारे दोन हजार घरं टिकून आहेत. ओकच्या लाकडाचा सांगाडा, उभे खांब, आडव्या तुळया, मधे तिरके टेकू, आणि उरलेल्या चौकटींमध्ये पट्ट्यांवर लिंपलेली माती आणि पेंढा. म्हणजे आपल्याकडचा कूडच की! कोकणात कारवीच्या काठ्या, इथे ओकच्या पट्ट्या. घराचं वय ओळखायची एक सोपी खूण आहे. भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि समोरच्या घराकडे वर बघा. प्रत्येक मजला खालच्या मजल्यापेक्षा हात-दीड हात पुढे आला असेल, घराचं पोट रस्त्यावर सुटलं असेल, तर घर बहुतेक १५२० च्या आधीचं. त्या वर्षी अशा बाहेर काढलेल्या मजल्यांवर बंदी आली. समोरासमोरची घरं वर इतकी जवळ यायची की गल्लीत ऊनवारा शिरेना, आणि एका घराला लागलेली आग सहज दुसऱ्यावर उडी घ्यायची. त्यानंतरची घरं सरळसोट. दुकानांच्या पाट्यांवरून मात्र काही ठरवू नका. तळमजले हवे तसे बदललेले असतात, खरं घर पहिल्या मजल्यापासून सुरू होतं. आणि वाकलेलं घर दिसलं म्हणून घाबरू नका. लाकडी सांगाडा खचतो, पिळवटतो, पण सांध्यांत धरून राहतो.

जुन्या बाजारापासून कॅथेड्रलपर्यंतचा ग्रोज-ओर्लोज रस्ता चारेकशे मीटर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच इथे गाड्या बंद झाल्या. मधोमध कमानीवर सोनेरी घड्याळ आहे. यंत्र चौदाव्या शतकातलं, कमान १५२७ ते १५२९ मधली. काटा एकच, तोही तासाचा. मिनिटांची घाई तेव्हा कोणाला होती? काट्याच्या टोकाशी लहानसं मेंढरू आहे, कारण गाव लोकरीवर गबर झालेलं. तबकडीच्या वर अर्धा काळा, अर्धा रुपेरी गोळा आहे, तो फिरून चंद्राच्या कला दाखवतो. तबकडीच्या खाली एक छोटी खिडकी आहे. तिच्यात रोज वाराची देवता बदलते : सोमवारी चंद्राची, मंगळवारी मंगळ, बुधवारी बुध, गुरुवारी गुरू. फ्रेंच पर्यटकाला इथे माहितीपत्रक उघडावं लागतं, मराठी माणसाला वारांची नावंच पुरतात. कमानीखालून जाताना मान वर करा. छताला मेंढ्यांसह मेंढपाळ कोरला आहे, आणि निम्मी गर्दी त्याच्याखालून न बघता निघून जाते.

कॅथेड्रलचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे. सकाळी तो सावलीत काळवंडलेला असतो, फोटो सपाट येतात. दुपारी चारनंतर ऊन तिरपं झालं की कोरीवकाम उठून दिसायला लागतं. चित्रकार मोनेने १८९२-९३ मध्ये समोरच्या घरांच्या खिडक्यांतून हाच दर्शनी भाग तीसएक वेळा रंगवला, उजेड बदलेल तसतसे कॅनव्हास बदलत. त्यातलं एक चित्र गावच्या चित्रसंग्रहालयात आहे, आणि तिथला कायमचा संग्रह फुकट बघता येतो. आधी चित्र, मग चौक, असा क्रम ठेवला तर जास्त मजा. उजव्या हाताच्या मनोऱ्याला ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. उपासाच्या दिवसांत लोणी खायची सवलत हवी असेल तर पैसे भरा, असा कारभार होता, आणि तो पैसा या बांधकामात गेला. मधली ओतीव लोखंडाची सुई, म्हणजे कळस, १५१ मीटर उंच. १८७६ मध्ये पूर्ण झाली आणि १८८० पर्यंत जगात सगळ्यात उंच होती. जुलै २०२४ मध्ये दुरुस्ती चालू असताना तिच्यावरच्या परांचीला आग लागली होती, त्यामुळे फोटोत लोखंडी परांची आली तर नशिबाला बोल लावू नका.

कॅथेड्रलला उजवीकडे ठेवून सँ-रोमँ गल्ली धरा. दोनशे मीटरवर सँ-माक्लू चर्च येतं. पाच कमानींचं, धनुष्यासारखं पुढे वाकलेलं प्रवेशद्वार आहे. चर्च रोज उघडं नसतं, पण कोरीव लाकडी दारं बाहेरूनच बघायची आहेत. मागे मार्तँव्हील रस्त्यावर एत्र सँ-माक्लूची साधी वेस आहे. पाटी लहान, म्हणून लक्ष ठेवा. आत चौरस आवार, मध्ये झाडं, चहूबाजूंना सज्जांची लाकडी घरं. १३४८ च्या प्लेगनंतर गावाने इथे मढी पुरली, आणि सोळाव्या शतकात जागा अपुरी पडली तेव्हा जुनी हाडं उकरून या सज्जांच्या माळ्यांवर रचली. तुळयांजवळ जाऊन बघा : कवट्या, आडवी हाडं, फावडी, कुदळी, सगळं लाकडात कोरलेलं. इतकं ओबडधोबड आणि शांत की शहारे येण्याऐवजी बसावंसं वाटतं. काचेमागे एक वाळलेलं मांजरही आहे. प्रवेश फुकट.

इथून दामियेत गल्लीतून वर सँ-तुआँच्या मठ-चर्चकडे जाता येतं. १३७ मीटर लांबीचं ते चर्च कॅथेड्रलपेक्षा रिकामं, आणि मला जास्त आवडतं. मागची बाग डबा खायला उत्तम. शेजारची ओ-द-रोबेक गल्ली मात्र थोडी फसवी आहे. घरांसमोरून वाहतो तो पाट सजावटीचा. रंगाऱ्यांच्या काळचा खरा ओढा केव्हाच जमिनीखाली गेला. वर बघितलंत तर कापड वाळवायचे उघडे माळे अजून दिसतात, तेच खरं.

जेवणाचं एक. हॉटेलांची स्वयंपाकघरं बाराला उघडतात आणि दोनला बंद होतात. अडीच वाजता गेलात तर कॉफी मिळेल, ताट नाही. शाकाहारी मंडळींनी कुट्टूच्या पिठाची गलेत (पातळ धिरडं) मागवावी आणि हॅम नको हे आधीच सांगावं. ‘ऊन कराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट येतं.

आणि नदी? कॅथेड्रलपासून खाली उतरताना अचानक काँक्रीटच्या इमारती सुरू होतात. जून १९४० च्या आगीत हा पट्टा जळाला, उरलेला १९४४ मध्ये बॉम्बने गेला. मरगळून परत फिरू नका. ब्वाल्दिय पूल ओलांडून डाव्या काठावर या. मागे वळलं की सगळे मनोरे एका रांगेत दिसतात, गावाचं सगळ्यात चांगलं चित्र इथून. काठाच्या हिरवळीवरून चालत गियोम-ल-काँकेराँ पुलावरून उजव्या काठाला आलं आणि काठाकाठाने परतलं, की दोनेक किलोमीटरचा सपाट फेरा होतो. धक्क्याच्या भिंतीवर ओला पट्टा दिसेल. समुद्र सव्वाशे किलोमीटर लांब असूनही भरती इथवर, त्याही पुढे पोझच्या बंधाऱ्यापर्यंत जाणवते. बोटींचे दोर कधी ताठ असतात आणि कधी सैल, ते त्यामुळेच. दूरवर दोन उंच खांबांचा फ्लोबेर पूल दिसतो. त्याचा रस्ता पाण्यापासून ५५ मीटरपर्यंत उचलता येतो, मोठी शिडाची जहाजं आत यावीत म्हणून.

परतीला तेआत्र देझ-आर थांब्यावरून बुलँग्रँकडे जाणारी मेट्रो घ्या आणि ‘गार-र्‍यू व्हेर्त’ला उतरा. तिकीट मशीनवर लावायला विसरू नका.