पंखा तुटत कसा नाही?

माझ्या गॅरेजच्या छताला, ट्यूबलाइटशेजारी, मी केलेलं बाल्सा लाकडाचं एक विमान टांगलंय. पंखांची एकच जोडी, बसायची एकच जागा आणि नाकावरच्या पंख्याच्या बरोबर मागे मशीनगन. बुलेट मोटारसायकल कामाला लावून बाकड्यावर टेकलेलं गिऱ्हाईक वर बघतं आणि हमखास विचारतं, "दादा, गोळ्या पंख्यातून जातात, तर पंखा तुटत कसा नाही?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आता नीट लिहूनच काढतो.

हे फोकर आइनडेकर. १९१५ सालचं जर्मन लढाऊ विमान, श्वेरीनच्या कारखान्यातलं. बनवणारा अँथनी फोकर मात्र डच.

त्याच्या आधी फ्रान्सचा वैमानिक रोलां गॅरोसने, हो, पॅरिसचं टेनिस स्टेडियम ज्याच्या नावाचं आहे त्यानेच, पात्यांवर पोलादी पाचरी बसवल्या होत्या. गोळी पात्यावर आलीच तर पाचरीला आपटून बाजूला उडायची. मला हे कधी पटलं नाही. आपटलेल्या प्रत्येक गोळीचा हादरा थेट इंजिनाला. १८ एप्रिल १९१५ला तो जर्मनांच्या ताब्यातल्या भागात उतरला आणि पकडला गेला. फोकरच्या माणसांनी थोड्याच दिवसांत आपला वेगळा उपाय विमानावर चढवला.

दोन पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो असं धरा. म्हणजे नळीसमोरून सेकंदाला ४० वेळा पातं जातं. एवढ्यात माणसाचं बोट काय नेम साधणार? म्हणून गोळी झाडायचं काम त्यांनी इंजिनावरच सोपवलं. इंजिनासोबत फिरणारा एक कॅम, म्हणजे उंचवटा असलेली चकती, त्यावर टेकणारा एक दांडा, दांड्याचं दुसरं टोक बंदुकीच्या चापाशी. वैमानिकाने कळ दाबली की दांडा कॅमला भिडायचा, बस. पातं पुढे सरकून वाट मोकळी झाली की कॅमचा उंचवटा दांड्याला ढकलणार आणि तेव्हाच गोळी सुटणार.

बाकी विमान साधंच. जेमतेम १४० किलोमीटरचा वेग, वळायला पंखच तारांनी पिरगाळायचे, आणि इंजिनाला वंगण म्हणून चक्क एरंडेल. पण मॅक्स इमेलमान आणि ओसवाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकांनी याच विमानावर नाव काढलं. १२ जानेवारी १९१६ला दोघांनाही एकाच दिवशी 'पूर ल मेरीत' हा मानाचा किताब मिळाला.

त्याच वर्षी मे महिन्यात इमेलमानच्या विमानाची ही गोळी-पात्याची जुळणी बिघडली. त्याच्याच गोळ्यांनी त्याच्याच पंख्याचं पातं उडवलं. तोल गेलेला पंखा इंजिन उखडून काढेल की काय, इतका हादरा. इंजिन बंद करून, तरंगत तो कसाबसा उतरला. १८ जूनला मात्र वाचला नाही. ब्रिटिश म्हणाले आम्ही पाडला, जर्मन म्हणाले पुन्हा जुळणीच चुकली. मला राहून राहून त्या मेकॅनिकची आठवण येते, ज्याने उड्डाणाआधी तो दांडा शेवटचा हाताळला असेल. त्या रात्री त्याला झोप लागली असेल का?

तुमच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्येही असाच कॅम आहे, असेच दांडे आहेत. चापाऐवजी ते व्हॉल्व्ह उघडतात, एवढाच फरक. म्हणून इंजिन थंड असताना टॅपेटचं झाकण उघडून मी गिऱ्हाइकाला जवळ बोलावतो आणि पुशरॉड, म्हणजे तो दांडा, त्याच्याच चिमटीत देतो. सहज फिरला पाहिजे, पण वरखाली जराही हलता कामा नये. हललाच, तर पाना घेऊन मी पुन्हा बसतो.