राणीछाप पावली आणि नेब्रास्कातला काटा

कोल्हापूरला गुजरीत आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सराफी दुकान होतं, जेमतेम दहा बाय बाराचं. मे महिन्यात अंगाला घामाच्या धारा लागल्या तरी वजन करायच्या वेळी आप्पा पंखा बंद करायचे. काटा काचेच्या पेटीत असायचा, तरीही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचे, "काटा बसू दे, मग बोलू." काटा बसेपर्यंत दुकानात कुणी बोलायचं नाही.

गेल्या जानेवारीत अमेरिकेत, नेब्रास्कातल्या कार्नी गावात, शेजाऱ्यांच्या तळघरात उभी असताना मी भिंतीवरची गरम हवेची जाळी बंद केली आणि तोंडातून मराठीतच निघालं, "काटा बसू दे." शेजारचे आजोबा वळून बघायला लागले. त्यांना आमची मुलं आजोबा म्हणतात, म्हणून मीही आजोबाच म्हणते. इथल्या रीतीप्रमाणे ऐंशीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ अकरा वर्षांत वळलेली नाही.

विषय होता काडतुसात भरायची दारू मोजणाऱ्या यंत्राचा. बंदूक म्हटलं की आपल्याकडे मनात जे येतं ते माझ्याही मनात आलं होतं, म्हणून आधी सांगते. इथे नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीने हरणाची शिकार करायला मोकळीक असते. परवाना काढायचा, नियमाप्रमाणे हरीण मारायचं, आणि त्या मांसावर हिवाळा काढायचा. आजोबा शेतकरी. वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी ते टाकत नाहीत. साफ करून, साच्यात दाबून पुन्हा मापात आणतात, तळाला नवा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसवतात, आत मोजून दारू (बंदुकीची) भरतात आणि तोंडाशी नवी गोळी बसवतात. तरुणपणापासून ते हे करत आलेत. स्वतःपुरती काडतुसं भरायला इथे केंद्र सरकारचा वेगळा परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हाच आहे, त्यामुळे वाचून कुणी घरी काही करायला जाऊ नये. दारूचं प्रमाणही मी लिहिणार नाही. ते छापील पुस्तकातूनच घ्यायचं असतं, शेजाऱ्याच्या तोंडून नाही, हे आजोबांचंच म्हणणं.

मी कोल्हापूरची म्हणून त्यांना अभिमानाने स्वप्नील कुसाळेचं सांगितलं होतं. राधानगरीकडच्या कांबळवाडीचा मुलगा, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक. त्यांनी फोनवर अंतिम फेरी शोधून पूर्ण पाहिली. मग म्हणाले, या मुलाची पुंगळी मात्र परत भरता येत नाही. त्याच्या रायफलीच्या पॉइंट टू टू मापाच्या बारीक काडतुसात वेगळा प्रायमर नसतो, पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच असतो. घोडा काठावर आपटतो, काठ चेपतो, की ती पुंगळी कायमची कामातून गेली.

आता मूळ अडचण. आजोबा दारू मोजायला जुना दांडीचा काटा वापरत. एका बाजूला पारडं, दुसऱ्या बाजूला दांडीवर सरकणारी वजनं, टोकाशी शून्याची रेघ. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. प्रकृती तोळामासा म्हणावी अशी नाही, अजून ट्रॅक्टर चालवतात. पण चिमटीतून दारूचे दाणे एकेक करून पारड्यात पाडणं आणि रेघेशी डोळा लावून बसणं आता होत नाही. मुलगा डेन्व्हरला असतो, तो म्हणाला, आपोआप मोजणारं यंत्र घ्या. मी सराफाची मुलगी हे आजोबांना ठाऊक. म्हणाले, "तू बघून दे."

आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ हा माणूस दर हिवाळ्यात न सांगता काढतो. मी काय नाही म्हणणार!

आधी मला त्यांचं माप समजून घ्यावं लागलं. इथे गोळी आणि दारू ग्रॅममध्ये नाही, ग्रेनमध्ये मोजतात. ७००० ग्रेनचा एक पौंड. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. हिशेब करता करता एकदम लक्षात आलं, की हे माप तर आपल्याच घरचं आहे. इंग्रजांच्या काळात ठरलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा, आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. बारा मासे म्हणजे एक तोळा, आठ गुंजा म्हणजे एक मासा; म्हणजे गुंजेला पावणेदोन ग्रेनहून थोडं जास्त. आजोबांच्या मेजावर गोळ्यांचा एक खोका होता, त्यावर १८० लिहिलेलं. त्यातली एकेक गोळी म्हणजे एकेक तोळा! मी घरी जाऊन देवातला राणीछाप रुपया घेऊन आले आणि दांडीच्या काट्यावर ठेवला. १७८.६ भरला. शंभरावर वर्षं हाताळून सव्वा ग्रेनहून जास्त चांदी झिजून गेलेली. आजोबांनी तो रुपया बराच वेळ हातात धरून ठेवला.

यंत्राचं काम समजायला सोपं आहे. वर दारूचं भांडं, खाली आडवी नळी. नळी आतून आटे पाडलेली असते आणि मोटरने फिरते, तशी दारू पुढे सरकत टोकावरून पारड्यात पडते. पारडं इलेक्ट्रॉनिक काट्यावर असतं. आकडा दाबला की नळी आधी भरभर फिरते, जवळ आली की हळू, आणि शेवटी थांबत थांबत, दाणा दाणा टाकते. बहुतेक यंत्रांत एक माप व्हायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो.

बाजारात नावं पुष्कळ. आरसीबीएसची चार्जमास्टर मालिका, लायमनची, आमच्यापासून तासाभरावरच्या ग्रँड आयलंडमध्ये १९४९पासून असलेल्या हॉर्नडीची ऑटो चार्ज, फ्रँकफर्ड आर्सेनलची. जाहिरातीत सगळे बोलतात ते वेगाबद्दल: किती सेकंदांत माप, किती मापं लक्षात ठेवतं, फोनवरून चालतं की नाही. मी आजोबांना म्हटलं, हे सगळं बाजूला ठेवा. आपण काटा विकत घेतोय. मोटर आणि नळी हा त्याच्या पुढचा नोकर. नोकर कितीही चपळ असला तरी काटा खोटा बोलला तर त्याच्या चपळाईचा उपयोग काय?

आणि काट्यात दोनच जाती आहेत. स्वस्त यंत्रांत लोड सेल असतो: धातूची एक पट्टी, वजनाने किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारा ताणल्या जातात, आणि त्या ताणावरून आकडा निघतो. आजकाल भाजीवाल्याकडेही हाच असतो, फक्त मापाचा पल्ला मोठा. दुसऱ्या जातीत पारडं चुंबकाच्या जोरावर तोलून धरलेलं असतं. वजन पडलं की पारडं मूळ जागी आणायला किती वीज लागली, ते मोजतात. हा प्रयोगशाळेतला काटा. जपानी ए अँड डी कंपनीचा एफएक्स-१२०आय हा त्यातला इथल्या लांब पल्ल्याच्या नेमबाजांचा आवडता. तो मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो, ग्रेनमध्ये ०.०२. त्याला दारू टाकणारं ऑटोट्रिकलर नावाचं वेगळं उपकरण जोडतात. सगळं मिळून हजार डॉलरच्या वर सहज जातं. लोड सेलची साधी यंत्रं दोन-तीनशे डॉलरला मिळतात आणि ०.१ ग्रेन इकडे किंवा तिकडे, एवढं वचन देतात. मधे आरसीबीएसचं मॅचमास्टर आहे, ते ०.०४ ग्रेनपर्यंत जातं म्हणतात.

०.१ ग्रेन म्हणजे किती? साडेसहा मिलिग्रॅम. गुंजेचा एकोणिसावा भाग. आजोबांची दारू लांबट दाण्यांची, पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे करावेत तशी. तिचा एक दाणा साधारण ०.०२ ग्रेन, म्हणजे सगळी चर्चा पाच दाण्यांची. हजार यार्डांवर कागदाला भोक पाडणाऱ्या माणसाला त्या पाच दाण्यांनी फरक पडतो, कारण गोळीचा वेग जरासा बदलला तरी तेवढ्या लांबवर ती वर-खाली लागते. आजोबा दोनशे यार्डांच्या पलीकडे हरणावर गोळी झाडत नाहीत. तिथे ते पाच दाणे दिसतही नाहीत. पाच दाण्यांसाठी या वयात सातशे-आठशे डॉलर जास्त घालवायला मी सांगितलं असतं, तर आप्पांना तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

तर साध्या गटातलं घेतलं. कोणतं, ते लिहीत नाही, कारण पुढे जे झालं ते त्या गटातल्या कुठल्याही यंत्राचं होऊ शकतं.

निवडताना बघितलेल्या दोन गोष्टी मात्र सांगण्यासारख्या. एक म्हणजे बटणं. थरथरत्या बोटाने सपाट काचेवर ४ दाबायला जावं तर ५ दाबला जातो, आणि दारूच्या मापात एक आकडा इकडचा तिकडे म्हणजे थेट डोळा किंवा हात जाण्याचा प्रश्न. म्हणून उठावदार बटणांचं आणि मोठ्या आकड्यांचं. दुसरी म्हणजे भांडं रिकामं करायची सोय. काम संपलं की उरलेली दारू परत तिच्याच मूळ डब्यात गेली पाहिजे. भांड्यात ठेवून दिली, महिन्याने कोणती होती आठवलं नाही, वरून दुसरी ओतली, तर अपघाताला निमंत्रणच. शिवाय काही प्रकारच्या दारूने प्लास्टिकही खराब होतं. मेजावर एका वेळी एकच डबा, हा आजोबांचा चाळीस वर्षांचा नियम. मी त्यात भर घातली: डब्यावरचं नाव आणि माप एका चिठ्ठीवर लिहून ती भांड्याला चिकटवायची. जुन्या पद्धतीची काळी दारू तर या यंत्रांत अजिबात घालायची नाही. ती ठिणगीने पेटते आणि हे विजेवर चालतं.

पहिल्या दिवशी दहा मापं छान आली. अकरावं दांडीच्या काट्यावर ठेवलं तर ०.३ ग्रेन जास्त. बारावं ०.४ जास्त. यंत्र मात्र ठामपणे बरोबर आकडा दाखवत होतं. आजोबांचा चेहरा पडला. परत करू म्हणाले.

मी मेजाभोवती फिरून बघितलं. बाहेर उणे अठरा, आत घर तापवणारी भट्टी चालू-बंद होते, आणि गरम हवेची जाळी बरोबर मेजाच्या वर. वर जुनी ट्यूबलाइट. खाली गालिचा, आणि हिवाळ्यातली इथली हवा इतकी कोरडी, की दाराच्या मुठीला हात लावला तरी चटका बसतो. यंत्र सुरू करून पाच मिनिटंही झाली नव्हती. या सगळ्याने लोड सेलचं शून्य सरकतं. वारा पारड्याला ढकलतो, स्थिर विजेने दाणे नळीला चिकटतात, आणि थंड पडलेला काटा तापेपर्यंत आकडे भटकत राहतात. मी जाळी बंद केली तेव्हाच ते "काटा बसू दे" निघालं. ट्यूब काढून साधा दिवा लावला, भांडं आतून कपडे वाळवताना घालतात त्या सुगंधी कागदाने पुसलं, यंत्र अर्धा तास नुसतं चालू ठेवलं आणि मग त्याच्यासोबत आलेल्या वजनांनी पुन्हा शून्यापासून लावलं. त्यानंतरची वीस मापं दांडीच्या काट्याने तपासली. एक सोडून सगळी ०.१च्या आत. ते एक पारड्यातून परत डब्यात ओतलं.

रात्री आप्पांना फोन केला. तिकडे सकाळ. त्यांचं दुकान आता भाऊ बघतो, पण वैधमापनवाले शिक्का मारायला आले की अजूनही आप्पाच समोर बसतात. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "रोज तपासायला त्यांच्याकडे वजन काय आहे?" मी म्हटलं, यंत्राबरोबर आलेली पन्नास ग्रॅमची आहेत. "ती शून्य लावायला. मोजायचं तीन ग्रॅम आणि तपासायचं पन्नासने? जेवढं मोजतोस तेवढ्याचंच वजन पाहिजे."

बरोबर होतं ते. ग्रेनमधल्या लहान तपासवजनांचा संच मागवला, यायला आठवडा होता. मग मला आठवलं, रुपयाच्या जोडीला देवात चांदीची पावलीही आहे. रुपयाचा चौथा भाग, नवी असताना ४५ ग्रेन, आणि आजोबांचं माप त्याच्या अगदी आसपास. पण ती झिजलेली, म्हणून मी आप्पांना कचरतच विचारलं.

"झिजली म्हणून काय झालं? आज जेवढी भरली तेवढीच उद्या भरली पाहिजे. नाही भरली तर काटा सरकला. फक्त हात लावू नका म्हणावं, चिमट्याने उचला."

पावली दांडीच्या काट्यावर ४४.२ भरली, यंत्रावरही ४४.२. आता ती आजोबांच्या तळघरात औषधाच्या डबीत कापसावर असते, शेजारी प्लास्टिकचा चिमटा. तपासवजनं आली, तीही ते वापरतात, पण सुरुवात पावलीने. त्यांच्या जुन्या वहीत तारीख, दारूचं नाव, माप, गोळी अशा रकान्यांच्या पुढे पेन्सिलीने एक नवा रकाना आखलाय. त्याच्या डोक्यावर त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलंय: पावली. खाली सगळीकडे ४४.२. फक्त फेब्रुवारीतल्या एका दिवशी ४४.५, आणि त्या ओळीत पुढे काहीच लिहिलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी काडतुसं भरली नाहीत.