आधी लगीन घराचं: झापा, इलाम, भक्तपूर

स्वयंसेवक म्हणून नेपाळला जाऊन दुसऱ्याचं घर बांधायचं आणि मग फिरायचं, हा बेत पार्ल्यात ऐकवला की पहिला प्रश्न ठरलेला: "तिथे मजूर मिळत नाहीत का?" मिळतात, आणि आपल्यापेक्षा कितीतरी सरस काम करतात. हे काम चालवणाऱ्या संस्थेला आपण पैसे भरतो त्यातून सामान येतं, गवंड्याची मजुरी निघते. आपली मेहनत हा निव्वळ हातभार. हे आधीच मान्य असेल तरच जावं. परदेशीच कशाला, हा दुसरा प्रश्नही रास्त आहे. 2006 मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर खुद्द लोणावळ्याजवळ मळवलीला शंभर घरांच्या कामाला आले होते. आम्हाला बांबूचं बांधकाम शिकायचं होतं, म्हणून झापा.

झापा नेपाळच्या पूर्व टोकाला. काठमांडूमार्गे जाण्याचा द्राविडी प्राणायाम करू नका. मुंबईहून विमानाने बागडोगरा, तिथून गाडीने पानीटंकी, मेची नदीवरचा पूल ओलांडला की काकडभिट्टा. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. परतताना काठमांडूहून विमान धरणार असाल तर नुसत्या आधार कार्डावर भागत नाही. आपला रुपया म्हणजे त्यांचे 1.60, हा दर ठरलेला आहे. शंभरच्या नोटा भरपूर ठेवा.

घराचा सांगाडा बांबूचा, भिंती म्हणजे कामट्यांची कूड आणि तिच्यावर सिमेंटचा गिलावा. कोकणात कारवीची कूड पाहिलेल्यांना हे घर लगेच ओळखीचं वाटेल. बांबू मात्र बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवलेला असतो, त्यामुळे भुंगा लागत नाही. पाणी मुरलं की हे औषध धुऊन जातं, म्हणून जोतं उंच आणि पत्रा भिंतीपासून चांगला बाहेर काढलेला. भिंत हलकी असल्याने भूकंपात अंगावर पडण्याची भीती विटांच्या मानाने कमी. आमच्याकडे कामट्या चिरणं, कूड विणणं, माल कालवणं, घमेली वाहणं. गिलाव्याला हात लावायला मिळाला तो अगदी शेवटी, आणि निम्मा माल पायावर पडल्यावर घरच्या दिदी पोट धरून हसल्या. आमची थापी काढून डकर्मी दाजूंनी, म्हणजे गवंडीदादांनी, तीच भिंत चहा होईपर्यंत संपवली.

हातमोजे आणि जाड तळाचे बूट मुंबईतच नागदेवी स्ट्रीटवर घ्या. तिकडे मापाचे मिळतीलच असं नाही. बांबूची कुसळं बोटात जातात, चिमटा जवळ असू द्या. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी घ्या. तराईत डास भयंकर. प्रवासविमा घेताना अंगमेहनतीच्या कामातली दुखापत धरली आहे का, हे लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते. परदेशी स्वयंसेवकांसाठी लागणाऱ्या परवानगीचं संस्थेकडूनही लेखी घ्या. दसैं-तिहारात, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीत, काम बंद असतं आणि पावसाळ्यात जाण्यात अर्थ नाही. तिहार उलटल्यावरचा नोव्हेंबर किंवा मग फेब्रुवारी-मार्च बघा.

फिरणं कामानंतरच ठेवा. मध्येच दोन दिवस सटकणारे आमच्या गटातही होते. त्यांच्या वाटची घमेली बाकीच्यांनी वाहिली. शनिवारी तिकडे सुट्टी असते, तेवढ्यात शेजारच्या इलाम जिल्ह्यातले कन्यामचे चहामळे होतात. श्रीअन्तूला मात्र मुक्काम करा, पहाटे हवा स्वच्छ असेल तर कांचनजंगा दिसतं.

पुढे झापातल्याच भद्रपूरहून काठमांडूचं छोटं विमान. काठमांडूला धावती भेट पुरे, वेळ भक्तपूरला द्या. तिथलं न्यातपोल हे पाच छपरांचं देऊळ 1702 चं. 1934 आणि 2015, दोन्ही मोठ्या भूकंपांतून ते उभं राहिलं. जवळच्या दरबार चौकातलं वत्सला देऊळ 2015 मध्ये कोसळलं, मग पुन्हा बांधलं. एरवी आम्ही फोटो काढून पुढे गेलो असतो. आता प्रत्येकजण विटांच्या भिंतीत लाकूड कुठे, कसं गुंफलंय ते शोधत होता, आणि दुपार तिथेच गेली. जुजु धौ, म्हणजे तिथलं मातीच्या भांड्यातलं गोडसर दही, चौकातच खा. विमानात त्याचं काय होतं ते सांगत नाही. खुकुरी घेतलीत तर चेक-इनच्या बॅगेत टाका.