भोरडीसाठी रांग

गेल्या जानेवारीतला शनिवार. सकाळचे साडेआठ. इथे इंग्लंडमध्ये, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एका साध्याशा घरासमोर तीस-पस्तीस माणसं फुटपाथवर उभी. कुणी बोलत नाही, सगळ्यांचे डोळे एकाच परसाकडे. माझ्या मनात जे आलं ते आपल्याकडच्या कुणाच्याही मनात आलं असतं : कुणीतरी गेलं. मग त्यांच्या हातातल्या तोफेएवढ्या लेन्स दिसल्या.

एका आजोबांना हळूच विचारलं, काय आहे? त्यांनी पक्ष्याचं नाव सांगितलं, रोझ-कलर्ड स्टार्लिंग, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच्या दुर्बिणीच्या तिपाईचे तिन्ही पाय एकेक करून आखूड केले. माझी उंची पाच फूट. त्यांची सहाच्या वर. थंडीने बोटं वाकत नव्हती त्यांची, तरी पेच सैल करून परत आवळले आणि म्हणाले, बघा, सावकाश बघा.

बघितलं. चरबीचे गोळे टांगलेले, त्याभोवती इथल्या नेहमीच्या ठिपकेदार साळुंक्यांची भांडणं, आणि मध्ये एक फिकट, मातकट, पिवळसर चोचीचा पक्षी. दुधाचा चहा सांडून वाळल्यावर जो रंग उरतो ना, तसा. अजून गुलाबी रंग न चढलेलं पोर. पण ती मान टाकून चालायची ढब ओळखायला मला पुस्तक लागलं नाही. भोरडी! आपली भोरडी.

तिथूनच बाबांना फोन लावला. तिकडे दुपारचे दोन, ते जेवून आडवे झालेले. म्हटलं, बाबा, इथे तीस लोक रांग लावून भोरडी बघतायत. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आजारी आहे का ती?" त्यांचं सगळं लहानपण जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवण्यात गेलं. हुरड्याच्या दिवसांत थवा उतरला की अर्धं रान हलतंय असं वाटायचं, हे त्यांचे शब्द. त्यांच्या लेखी भोरडी हा पक्षी नव्हे, एक संकट. आणि इथे त्या संकटाचं एक चुकलेलं पिल्लू बघायला माणसं दोन-दोन तास गाडी चालवून आली होती.

तसं या देशाला हे वेड जुनं आहे. फेब्रुवारी 1989 मध्ये केंट परगण्यात मेडस्टनजवळच्या एका वसाहतीत, सुपरमार्केटच्या शेजारी, गोल्डन-विंग्ड वॉर्बलर नावाचा बोटभर अमेरिकी पक्षी दिसला. ब्रिटनमधली ती पहिलीच नोंद. हजारो लोक ते पार्किंग आणि आजूबाजूच्या गल्ल्या भरून उभे होते. मला हे कळलं तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. 2023 च्या डिसेंबरात मीही एका पार्किंगमध्ये ट्रॉली तशीच सोडून मान वर करून उभी होते, कारण शोभेसाठी लावलेल्या रोवनच्या झाडावर वॅक्सविंग उतरले होते. डोक्यावर तुरा, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी काळी पट्टी, आणि पंखाच्या टोकांना लाखेचे थेंब चिकटवल्यासारखे लाल ठिपके. स्कँडिनेव्हियात लाल फळांचं पीक कमी पडलं की ते समुद्र ओलांडून येतात. एरवी चार-दोन येतात, त्या हिवाळ्यात मात्र थवेच्या थवे आले. आणि फळांची झाडं सगळ्यात जास्त कुठे? दुकानांच्या पार्किंगमध्ये. त्यामुळे दुर्मीळ पक्षी बघायला जंगलात जावं लागतं ही माझी समजूत इथे मोडली.

भोरडीकडे परत येते, कारण खरं कौतुक मला त्या रांगेचं वाटलं. पक्षी दिसल्याची बातमी फोनवर फिरली होती त्यात पक्ष्यापेक्षा सूचना जास्त : फुटपाथवरच थांबा, कुंपणावरून डोकावू नका, समोरच्या घराच्या दारात गाडी लावू नका, नऊच्या आत बेल वाजवू नका. आणि लोकांनी हे पाळलं. शेजारची बाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आली तेव्हा सगळी रांग दोन पावलं मागे सरकली, जणू तिच्या घरचं कार्य आहे. एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची बादली, त्यात लोक नाणी टाकत होते. घरमालकिणीने सांगितलेल्या एका संस्थेसाठी. साडेदहाला ससाण्याने एक घिरटी मारली, सगळे पक्षी उडाले, भोरडीही. नंतर आलेल्या माणसाला ती दिसलीच नाही. तो म्हणाला, "डिप झालो." एवढंच. कुणावर खेकसला नाही, बियांची पिशवी ओतून तिला बोलवायचा खटाटोप केला नाही.

मला उजनी धरणाच्या पाण्यावरचं भिगवण आठवलं. होडीवाल्याला जास्तीचे पैसे देऊन, "जरा अजून जवळ घे, उडवून दाव," म्हणणारे आपलेच लोक. रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा उडाला की शिट्ट्या. पण हे लिहिताना लगेच असंही वाटतं की तिथल्या त्याच होडीवाल्यांना, काल-परवापर्यंत मासेमारी करणाऱ्या पोरांना, शंभर पक्ष्यांची नावं तोंडपाठ आहेत, मराठीतही आणि इंग्रजीतही. इथल्या माझ्या शेजाऱ्यांना स्वतःच्या कुंपणातला रेन नावाचा चिमुकला पक्षी ओळखता येत नाही. शिवाय हजारोंनी पक्षी असले की माणूस निवांत असतो. एकच असला की शिस्त आपोआप येते. हे मी स्वतःची समजूत काढायला म्हणते की खरंच असं आहे, ते तुम्ही ठरवा.

हजारोंनी बघायचे असतील तर इथेही जागा आहेत. आम्ही पीटरबरोला राहतो, त्यामुळे दोन तर हाताशीच. पहिली स्नेटिशम, नॉरफोकच्या किनाऱ्यावर. तिथे घड्याळ बघून नाही, भरतीचं वेळापत्रक बघून जायचं. गाडी लावल्यावर दोनेक किलोमीटर अंधारात चाल. मोठी भरती चढली की चिखलावर पसरलेले नॉट पक्षी मागे मागे सरकत एका पट्टीवर गोळा होतात आणि पाय ठेवायला जागा उरली नाही की सगळे एकदम उठतात. धुरासारखे. वळले की पांढरे, परत वळले की काळे. ग्रीनलंड आणि कॅनडाच्या उत्तर टोकावरून आलेले. त्याच पहाटे गुलाबी पायांचे हंस खाडीतून उठून शेतांकडे जातात. शेतात काय, तर बीट काढल्यावर उरलेला पाला. साखरेच्या बिटाचा! आमच्याकडे साखर म्हणजे ऊस आणि उसात बिबट्या. इथे साखर म्हणजे बीट आणि त्यावर हंस. सुखी लोक.

दुसरी जागा वेल्नी. सतराव्या शतकात पूर अडवायला दोन समांतर कालव्यांमध्ये सोडलेली ही सखल जमीन अजूनही हिवाळ्यात पाण्याखाली जाते आणि आइसलँडहून हूपर हंस हजारोंनी तिथे मुक्कामाला येतात. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात त्यांना दाणे टाकतात, आपण काचेमागे, हीटर लावलेल्या खोलीत बसून बघायचं. आईला एकदा नेलं होतं. ती म्हणाली, पक्षी बघायला इतकं आरामात बसणं बरं दिसत नाही. रशियातून येणारे बेविक हंस मात्र आता फार कमी झालेत. हवा तापल्यामुळे बरेचसे वाटेतच, युरोपात पूर्वेकडे थांबतात. स्लिमब्रिजला 1964 पासून प्रत्येक बेविकच्या चोचीवरची पिवळी-काळी नक्षी कागदावर उतरवून ठेवतात, एकेकाला नाव देऊन.

आता जे सांगायला बसले होते ते. भोरडीनंतर तीन आठवड्यांनी गावाबाहेरच्या जुन्या खडीच्या खाणीच्या तळ्यावर गेले होते. करड्या कलहंसांचा थवा चरत होता आणि त्यात एक डोकं पांढरं. त्यावर दोन काळे आडवे पट्टे. पट्टकादंब. हात थरथरले माझे. उजनीच्या पाण्यावर पहाटेच्या धुक्यात आंग आंग करत उतरणारा, हिमालयावरून सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद असलेला तो पक्षी माझ्यापासून साठ पावलांवर इंग्लिश गवत खात होता. मी धावत जाऊन लपणघरातल्या दोघांना सांगितलं. एकाने दुर्बीण लावली, लगेच खाली केली. "प्लॅस्टिक," म्हणाला.

म्हणजे कुणाच्या तरी खाजगी तळ्यातून सुटलेला. इथे पक्ष्यांची अधिकृत यादी असते, तिला वर्ग असतात. आपणहून आला तो अ. माणसाने आणला पण पिढ्यान्‌पिढ्या रानात वाढला तो क. पिंजऱ्यातून सुटलेला तो इ, आणि इ यादीत धरत नाहीत. पट्टकादंब इ. त्याने पुढचा प्रश्न विचारला, पायात पाळलेल्या पक्ष्याची कडी आहे का? पाय गवतात होते. दिसत नव्हते.

मी वाद घातला. घालायला नको होता. म्हटलं, लंडनभर किंचाळणारे पोपट, तेही आमच्याकडचे, तेही पिंजऱ्यातून सुटलेले, 1983 पासून तुमच्या यादीत आहेत. फेझंट आहे, कॅनडा गूज आहे. तो शांतपणे म्हणाला, ते इथे टिकले, त्यांनी संसार थाटले. हा एकटा आहे. त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, हे मलाही कळत होतं. यादीत सगळेच घुसवले तर ती कशाची यादी? भोरडी वाट चुकून का होईना स्वतःच्या पंखांवर आली, म्हणून ती खरी. तरी घरी येईपर्यंत डोक्यात तेच. मी काही सुटून आले नाही. मला पत्र पाठवून बोलावलं, कागद तपासले, अकरा वर्षं कर भरतेय. हे सगळं मी गाडीत, सिग्नलला, कुणीही विचारलेलं नसताना म्हणत होते. असो.

पुढच्या रविवारी परत गेले. कलहंस होते, पांढरं डोकं नव्हतं. मधल्या आठवड्यात बाबांना तळ्यावरचा फोटो पाठवला होता आणि सगळं रामायण ऐकवलं होतं. ते काही बोलले नाहीत. पण त्याच सोमवारी माझे चुलतभाऊ त्यांना घेऊन भिगवणला गेले. आयुष्यात पहिल्यांदा केवळ पक्षी बघायला. होडीतून काढलेला हललेला फोटो आला, पाण्याच्या रेघेवर राखाडी ठिपके. खाली लिहिलं होतं : "पाचशे तरी असतील. तुझा त्यात दिसला नाही. परत बघतो."