घंगाळातली करवंटी

आमच्या सोसायटीत नळाला पाणी पहाटे साडेपाचला येतं. मी नळाखाली बादली लावतो आणि पुन्हा पांघरुणात शिरतो, कारण बादली भरत आली की कानाला कळतं. आधी तळाशी नुसती थडथड. मग घोगरा, भरल्या गळ्याचा आवाज. मग तो हळूहळू वर चढायला लागतो आणि अगदी किनरा झाला की उठायचं. बादलीतली मोकळी हवा कमी होत जाते तसा सूर चढतो, एवढं शाळेतलं विज्ञान आठवतं. इतकी वर्षं रोज ऐकतोय, पण याला संगीत म्हणावं असं कधी मनात आलं नाही. आमच्या घरात त्याला ‘बंद कर रे नळ’ म्हणतात.

मग एका रात्री लॅपटॉपवर तान दुन हा संगीतकार सापडला. नाव ऐकून मी आधी हसलोच. आडनाव तान आणि नाव दुन. आपल्याकडे जन्मला असता तर बाळाला पाचव्या वर्षीच गुरुजींकडे पाठवला असता. पण हा चीनच्या हुनान प्रांतातला, १९५७चा जन्म. ‘वॉटर कॉन्चेर्टो’ ही त्याची रचना. १९९९ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदानं ती पहिल्यांदा वाजवली, कुर्ट माझूर यांच्या संचालनाखाली. मागे सगळा वाद्यवृंद कोटबिट घालून बसलेला, आणि पुढे जिथे पियानो किंवा व्हायोलिनवाला असायचा तिथे पाण्यानं भरलेली मोठी पारदर्शक भांडी. त्या पहिल्या प्रयोगातला वादक ख्रिस्तोफर लँब हा त्याच वाद्यवृंदातला तालवादक. वादक पाण्यात हात घालतो, चुबकतो, थापट्या मारतो, ओंजळीतून थेंब सोडतो. वाडगे पालथे तरंगवून त्यांवर थाप देतो. झांजेसारखी थाळी वाजवून पाण्यात बुडवतो, तेव्हा तिचा सूर असा काही खाली घसरत जातो की मी आपोआप ‘वा, मींड!’ म्हणालो. रात्री दीड वाजता, एकट्यानं.

पाण्यावर वाजवायचं म्हटलं की आपल्याला जलतरंग आठवतो. पण नीट पाहिलं तर जलतरंगात पाणी वाजतच नाही. पाणी ओतून वाटीचा सूर खाली आणायचा, काढून चढवायचा आणि वाजवायची ती वाटी. पाणी बिचारं सूर लावून देतं आणि गप्प बसतं. वाटीबाहेर एक थेंब उडाला तरी वादक कासावीस होतो. तान दुननं नेमकं उलटं केलंय. भांडं गप्प आणि पाणी बोलतंय.

दुसऱ्या दिवशी मी अर्थातच परातीत पाणी घेऊन स्टीलची वाटी पालथी घातली. टप्प. अगदी बेचव आवाज. आई गावाहून आलेली आहे. तिनं दारातून जरा वेळ पाहिलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण म्हणाली, “परात उथळ आहे. घंगाळ काढ. आणि ती वाटी ठेव जागेवर, करवंटी घे.” माळ्यावरून घंगाळ काढलं, पाणी भरलं, करवंटी पालथी सोडली. तिनं बोटं जुळवून वर हलकेच थाप दिली. डुब्ब. एक कड जरा दाबली तर आतली हवा गुडगुडत बाहेर आली. लहानपणी विहिरीवर त्या सगळ्या मुली हेच करायच्या म्हणे. मी तिला तान दुनचं सांगितलं. “त्याला पैसे मिळतात याचे?” एवढंच तिनं विचारलं.

मिळतात. २००१ साली चित्रपटसंगीताचं ऑस्करही मिळालंय. पण त्याची सुरुवात चिखलातच झालेली. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत त्याला भातशेतीवर कामाला धाडलं. तिथे त्यानं शेतकऱ्यांची गाणी गोळा केली, गावकऱ्यांना जमवून हाताला येईल ते, अगदी भांडीकुंडीसुद्धा वाजवायला लावली. पुढे बीजिंगचं संगीत विद्यालय पुन्हा उघडलं तेव्हा तिथे शिकला, १९८६मध्ये न्यूयॉर्कला गेला. खरं सांगायचं तर त्याचं सगळंच मला आवडत नाही. मधेच तंतुवाद्यं अशी गोड उमाळ्यानं येतात की सिनेमाचा शेवट जवळ आला असं वाटतं. आणि पाण्याची भांडी खालून प्रकाश टाकून उजळलेली पाहिली की कान सोडून डोळेच कामाला लागतात.

‘द मॅप’ ही त्याची रचना मात्र मनातून जात नाही. १९८१ साली, विद्यार्थी असताना, तो हुनानच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात गेला होता. तिथे त्याला एक म्हातारा भेटला, दगड वाजवणारा. हातात दोन दगड घेऊन वारा, ढग, पानं यांच्याशी बोलणारा. पोरगा थक्क झाला, पण तेव्हा शिकायचं राहिलं. पुढे १९९९ साली तो मुद्दाम शिकायला म्हणून परत गेला, तर म्हातारा वारलेला. आणि ते वाजवणं येणारं दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

मग त्यानं त्या भागातल्या लोकांना चित्रित केलं: पान ओठांशी धरून वाजवणारे, झांजा वाजवणारे, डोंगरापलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून गाणाऱ्या बाया. मंचावर पडदा लावला, पडद्यावर ही माणसं आणि समोर वाद्यवृंद. २००३मध्ये बॉस्टनला यो-यो मा या वादकानं त्यात चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, वाजवला. पडद्यावरची बाई हाक घालते आणि चेलो तिला ओ देतो. ती ज्या क्षणी गायली तो क्षण केव्हाच सरलेला, त्यामुळे तिला चेलो ऐकू येणं शक्यच नाही. तरी तो ओ देतो. एका भागात दगडही वाजतात. त्याच वर्षी ही रचना फंगह्वांग या हुनानमधल्या जुन्या गावी नेऊन तिथल्या लोकांसमोर उघड्यावर वाजवली. हे मला फार बरं वाटलं.

आमच्याकडे आजीचं सूप आहे, भिंतीला टांगलेलं, शोभेचं. आजी तांदूळ पाखडायची तेव्हा एक ठेका असायचा. दाणे उडून सुपात पडताना थप्प, मागे सरकताना सर्र, आणि मधेच खडे पुढे आणायला पाठीवर बोटांच्या दोन टिचक्या. थप्प-सर्र, थप्प-सर्र, टिक्‌टिक्‌. मी सूप उतरवून बघितलं. अर्धे तांदूळ जमिनीवर गेले.

आईला येतं. आजीसारखं नाही, असं तीच म्हणते. परवा ती पाखडायला बसली तशी मी गुपचूप फोन धरला. तिनं पाहिलं. हात थांबले, पदर सारखा केला, पाठ ताठ झाली आणि मग जे काही वाजलं ते शाळेच्या स्नेहसंमेलनातलं. चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे. पहिली दहा बरी आहेत. नंतर कुकरच्या दोन शिट्या, आणि शेवटी आई, “झालं का रे? पुसून घे ते घंगाळ, डाग पडतील.”