लिदीचे खत आणि मुरडलेले टोमॅटो

परसबागांची माती आणि घरी तयार केलेली खते पाहून सल्ला देणे हे माझे काम असल्याने बिघडलेला ढीग बहुधा वासावरूनच ओळखता येतो. डोळ्यांत चरचरणारा अमोनियाचा वास आला की नत्र जास्त आणि भुसा कमी पडला आहे. कुजक्या अंड्यांचा वास आला की ढिगात पाणी साचून हवा कोंडली आहे. मला ज्या बागेत बोलावले होते तिथल्या ढिगाला मात्र ओल्या मातीचा वास होता, आणि तरीही त्याच खतावर वाढणारे टोमॅटो मुरडले होते.

बागेच्या मालकीणबाईंनी घोड्याची लीद, वाळलेला पाला आणि थोडा लाकडी भुसा यांचे थर लावून ढीग रचला होता, त्याची ओल सांभाळली होती, आणि लांब दांड्याच्या तापमापीने आतील उष्णता पाहून बाहेरचा थंड भाग आत जाईल अशा रीतीने तो वरचेवर पलटला होता. त्यांच्या वहीत ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या नोंदी होत्या. एवढ्या तापमानात काही दिवस राहिल्यावर बहुतेक रोगजंतू आणि तणांचे बी मरते. निवाल्यानंतर काही महिने मुरू दिलेल्या त्या खतात खोट काढायला मला जागाच दिसेना.

टोमॅटोचे शेंडे नेच्याच्या पानांसारखे बारीक आणि पिळवटलेले होते, तर खालची पाने आत वळली होती. विषाणूजन्य रोग समजून त्यांनी तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीवर फवारणीही केली होती. मला ते पटेना, कारण असा रोग बहुधा इकडे एक, तिकडे एक अशा रोपांवर दिसू लागतो. येथे सगळा वाफा सारखाच मुरडला होता आणि टोमॅटोशी काही नाते नसलेला घेवडाही त्याच तऱ्हेने वाकला होता. त्याच वाफ्यातला मका मात्र टवटवीत होता, आणि हे खत न घातलेल्या कुंडीतले टोमॅटो निरोगी होते. रुंद पानांची झाडे वाकावीत आणि गवतवर्गीय पीक निर्धास्त राहावे, हे एका विशिष्ट प्रकारच्या तणनाशकाचे लक्षण आहे.

ॲमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड किंवा पिक्लोरॅम ही द्रव्ये कुरणातील रुंद पानांची तणे मारण्यासाठी फवारली जातात. ती चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात, तेथे फारशी न बदलता लीद, शेण आणि मूत्रावाटे बाहेर पडतात, आणि ढीग कितीही तापला तरी त्यांचे विघटन अतिशय सावकाश होते. टोमॅटो, वाटाणा आणि घेवडा ही पिके इतकी संवेदनशील आहेत की अब्जात काही भाग एवढा अंशही त्यांना पुरतो. बाईंनी तेथूनच तबेल्यात फोन लावला. वाळले गवत बाहेरून विकत येते आणि त्या कुरणावर तणनाशक मारले होते, असे उत्तर मिळाले. तबेलेवाल्याला यात लपवण्यासारखे काही वाटले नव्हते, कारण घोड्यांना काहीच झाले नव्हते.

खात्रीसाठी आम्ही काही कुंड्यांत खत आणि स्वच्छ माती यांचे मिश्रण भरले, काहींत नुसती माती, आणि सगळ्यांत घेवडा पेरला. कुंड्या दूर दूर ठेवल्या, म्हणजे एकीचे निचरलेले पाणी दुसरीत जाणार नाही. बीजदलांनंतरचे तिसरे खरे पान येईपर्यंत निकाल स्पष्ट झाला : खताच्या कुंड्यांतील रोपांची पाने द्रोणासारखी वळली होती. प्रयोगशाळेतील तपासणी महागडी असते आणि इतके सूक्ष्म अंश कधी कधी तिच्या हाती लागतही नाहीत, म्हणून घेवड्याची साक्ष मला अधिक भरवशाची वाटते.

मुरडलेली रोपे ढिगात टाकू नयेत आणि उरलेले खत कोणालाही देऊ नये, एवढे मी त्यांना बजावले. ही द्रव्ये अखेर मातीतील सूक्ष्मजीवच संपवतात आणि त्याला ऊब, ओल, हवा आणि पुष्कळ वेळ लागतो. म्हणून ते खत त्यांनी स्वतःच्याच हिरवळीवर पातळ पसरले आणि वाफा अधूनमधून खणून त्यात पुन्हा मकाच लावायचे ठरवले. त्या मक्याची ताटे आणि हिरवळीचे कापलेले गवत खताच्या ढिगात जाता कामा नये, कारण तसे झाले तर तेच द्रव्य पुन्हा टोमॅटोच्या मुळाशी येईल.